मागच्या वर्षीचा फोटो

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक तोंड झाकून येतं आणि तोंड झाकूनच परत जातं. मधले आठ-पंधरा दिवस ते तोंड माझ्या ताब्यात असतं.

श्रावण लागला की अकोल्याच्या जुन्या शहरात माझ्या दुकानाच्या ओट्यावर अशी गिऱ्हाइकं बसायची. कोणाच्या मांडीवर पितळी डबा, कोणाच्या काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं बोचकं. एक वकीलसाहेब तर फायलींच्या पिशवीतून आणायचे. आत महालक्ष्मीचा मुखवटा.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. भाद्रपदात आमच्याकडे घरोघर महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, तीन दिवसांच्या पाहुण्या. पुण्याकडे त्यांना गौरी म्हणतात. खाली लोखंडी चौकट, तिला भारीतली साडी नेसवायची आणि वर मुखवटा चढवायचा. साडी दर वर्षी नवी येते, मुखवटा मात्र तोच असतो, सासूच्या सासूनं पुजलेला. माझं काम त्या मुखवट्यांना रंग द्यायचं.

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा माझी बायको शोभा म्हणाली, "चुकलेलं लिहा. बरोबर केलेलं तं तुमी चाळीस वर्षं सांगूनच राहिले." बाईचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून चुकलेलं लिहितो.

काम तसं साधं. जुने मुखवटे मातीचे, नाहीतर कागदाच्या लगद्याचे. धुपानं काळे पडतात, ट्रंकेत पडून पडून रंगाचे पोपडे निघतात, कपाळावर कुंकू लावून लावून खळगा पडतो. आधी ओल्या पॉलिश पेपरनं वरवर घासायचं, मग पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग गाल, मग ओठ. सगळ्यात शेवटी डोळे. डोळे काढण्याला आम्ही आखणी म्हणतो, आणि आखणी म्हणजेच धंदा. बाकीचं कोणीही करतं. आमच्याकडे बाकीचं सगळं शोभाच करायची. आखणी मी.

आखणीच्या वेळी मुखवटा मांडीवर घ्यायचा नाही. भिंतीला उंच टेकवायचा आणि आपण खाली पाटावर बसायचं. देवी उभी असते आणि घरातल्या बाया खाली बसून तिच्याकडे पाहतात, तेव्हा तिची नजर त्यांच्यावर पडली पाहिजे. समोर कुठंतरी पंख्याकडे पाहणारी देवी काय कामाची? डोळे झाले की तोंडावर रुमाल. तो रुमाल मग घरी तुळशीपाशीच निघायचा.

हे सगळं मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. आम्ही माळी. बाप बाजारात वांगी आणि भेदरं, म्हणजे टमाटे, विकायचा आणि मी त्याच्या दुकानामागच्या भिंतीवर कोळशानं बाजारातल्या लोकांची तोंडं काढायचो. उस्ताद भाजी घ्यायला आले, भिंत पाहिली आणि बापाला म्हणाले, "हा पोरगा माह्याकडे पाठव. तुही वांगी तशीही विकत नाही तो." तिथून पुढं मी त्यांचा झालो.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या तर अंक पुरायचा नाही. वकीलसाहेब दर वर्षी टाइप केलेला कागद द्यायचे. नाक पूर्ववत, ओठ पूर्ववत, कानाच्या पाळ्या पूर्ववत, आणि खाली माझी सही. मोर्शीचे एक संत्र्याचे बागवाले दर खेपेला हळूच कानाशी लागायचे, "जराशी गोरी करा ना भाऊ." मूर्तिजापूरच्या बाजारात भाजी विकणारी गोदाबाई एकदा म्हणाली, "भाऊ, माह्या लक्ष्मीले थोडीशी हासवा ना. वर्षभर बाजारात आंबट तोंडंच पाह्यतो मी." मी ओठांचे कोपरे केसभर वर नेले. गोदाबाई इतकी खूश झाली की पुढच्या वर्षी टोपलीभर पालक घेऊन आली. तिच्याबरोबर तिच्या दोन शेजारणीही, त्यांनाही हसरी लक्ष्मी हवी होती. दिली. केसभरानं काय होतंय, असं मला वाटायचं.

आता फोटोची गोष्ट.

उस्ताद असतानाच माझ्या हातून एक घोटाळा झाला होता. मूर्तिजापूरच्या एका मास्तरांची ज्येष्ठा मी अकोल्याच्या गुरुजींच्या लुगड्यात गुंडाळली आणि गुरुजींची मास्तरांच्या डब्यात ठेवली. आवाहनाच्या संध्याकाळी तुळशीपाशी रुमाल निघाला आणि गुरुजींच्या आईनं विचारलं, "ही कोण?" देवीला उंबरा ओलांडू देईना म्हातारी. तिकडं मूर्तिजापुरात तोच प्रकार. शेवटी बोरगाव मंजूच्या फाट्यावर दोन स्कूटर समोरासमोर आल्या, दोघांच्या मागे बसलेल्यांच्या मांडीवर एकेक देवी, आणि मुहूर्त टळायच्या आत अदलाबदल झाली. मला वाटलं होतं उस्ताद मारतात. ते एवढंच म्हणाले, "म्हाताऱ्या बाया होत्या म्हणून वाचला तू. आता फोटो काढत जा."

तेव्हापासून नियम झाला. मुखवटा तयार झाला की रुमाल घालायच्या आधी त्याचा फोटो. तेच स्टूल, तीच भिंत. फोटोच्या मागे घराचं नाव आणि साल. आखणीला बसलो की मागच्या वर्षीचा फोटो समोर. गिऱ्हाईक न्यायला आलं की नवा मुखवटा आणि मागच्या वर्षीचा फोटो शेजारी शेजारी ठेवायचे. पाहून घ्या, आहे ना तंतोतंत? लोक मान डोलवायचे.

उस्ताद त्याच्या पुढच्याच वर्षी गेले. मग तीसेक वर्षं मी दुकान चालवलं आणि त्या तीस वर्षांत मुखवटा बदलला अशी एकही तक्रार आली नाही. हे मी लग्नाकार्यात, मौतीलासुद्धा, छाती काढून सांगायचो.

एक तक्रार आली होती. पण ती मी तक्रारीत धरत नव्हतो.

अमरावतीच्या मालतीकाकू राजूरकर. शिक्षकाच्या घरातल्या, बोलायला मोजक्या, तोंडात साखर. त्यांच्या घरची ज्येष्ठा उस्तादांच्याही आधीपासून आमच्या दुकानात यायची. एका वर्षी त्या मुखवटा घेऊन गेल्या आणि महालक्ष्म्या आटोपल्यावर तो घेऊन एकट्याच गाडीत बसून परत आल्या. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सुधाकरभाऊ, राग नका मानू. पण ही आमची मोठी नाही वाटत."

माझं डोकं सणकलं. मी उठलो, खोक्यातून मागच्या वर्षीचा फोटो काढला आणि त्यांच्या मुखवट्याशेजारी ठेवला. "काकू, फरक दाखवा."

त्यांनी फोटो पाहिला. मुखवटा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"फरक नाही दिसत," त्या म्हणाल्या.

"मंग?"

"मग काही नाही, भाऊ. माझंच चुकत असेल."

रुमाल घालून, मुखवटा उराशी धरून त्या गेल्या. पुढंही दर वर्षी मुखवटा आला, पण तो त्यांचा मुलगा घेऊन यायचा. मी त्या दिवशी घरी जेवताना हा किस्सा रंगवून सांगितला. शोभा म्हणाली, "बाई उगाच एवढ्या दूर येणार नाही." मी म्हटलं, "वय झालं तिचं." आणि दुसरी पोळी मागितली. पोळी मागितल्याचंसुद्धा आठवतं, म्हणून लिहितो.

तीनेक वर्षांपूर्वी माझा उजवा हात कापायला लागला. ब्रश ठरलेल्या जागी टेकेना. औषधं झाली, फरक नाही. दुकान बंद केलं. लोक छापील चेहऱ्याच्या तयार मूर्ती आणू लागले होतेच. फोटोंच्या दोन ट्रंका मात्र शोभानं टाकू दिल्या नाहीत.

त्या ट्रंकांचा माग काढत देवयानी मॅडम आमच्या घरी आल्या. अमरावतीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. चहा घेता घेता म्हणाल्या, "काका, वऱ्हाडातल्या महालक्ष्म्यांचे चेहरे जपून ठेवायचे आहेत. तुमचे फोटो मिळाले तर कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक काम करता येईल. कम्प्युटरला प्रत्येक घरचा चेहरा ओळखायला शिकवायचं. उद्या एखादा मुखवटा फुटला, तर त्याचा खाका काढून देता आला पाहिजे."

मी विचारलं, "मशीनले देवीची नजर समजते काय?"

"नाही समजत," त्या सरळ म्हणाल्या. "त्याला काहीच समजत नाही. खूप चेहरे दाखवले की कोणता कोणासारखा आहे, एवढं सांगतं. आणि अर्धा चेहरा दिला तर आधी पाहिलेल्यावरून बाकीचा अंदाज करतं."

समजत नाही असं कबूल करणारं माणूस मला आवडतं. ट्रंका दिल्या. मॅडमच्या दोन विद्यार्थिनींनी एकेक फोटो मशीनखाली ठेवून आत घेतला, मागची नावं-सालं वाचून लिहिली. एक फोटो इकडचा तिकडं झाला नाही.

दोन महिन्यांनी मॅडमनी मला अमरावतीला बोलावलं. कॉलेजातल्या खोलीत मोठा पडदा, समोर खुर्ची, चहा. मॅडमनी कप माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "काका, एक विचारू? नंतरच्या वर्षांचे फोटो कधी मिसळले होते का? नावं चुकीच्या फोटोंवर गेली असतील?"

"नाही."

"म्हणजे, कम्प्युटर सुरुवातीच्या वर्षांतले मुखवटे बरोबर घरोघर वाटतो. पण पुढच्या वर्षांत त्याचा गोंधळ होतो. राजूरकरांचा मुखवटा गुरुजींच्या घरात टाकतो, गुरुजींचा..."

"मंग तुमचं मशीन बिघडलं!" मी उभाच राहिलो. "तीस वर्षांत माहा एक फोटो मिसळला नाही. नाव हाये, साल हाये. काहून मिसळतील? तुमी लोकं अर्धवट शिकवता मशीनले आन् नाव माह्यावर!" विद्यार्थिनी बाहेर निघून गेल्या.  मी खाली बसल्यावर मॅडमनी एक बटण दाबलं.

पडद्यावर सहा घरांच्या सहा ज्येष्ठा आल्या, पहिल्या सालच्या. उस्तादांच्या हातच्या. एकीचे डोळे लांब, एकीचे गोल. एक जरा रागीट. एकीच्या ओठांत हसू अडकलेलं. राजूरकरांची मोठी तर काहीतरी ऐकत असल्यासारखी. मग मॅडमनी वर्षं पुढं सरकवली. दुसरं साल, तिसरं, पाचवं. मी पाहत होतो. लांब डोळे आखूड होत होते, गोल डोळे लांब होत होते. रागीट निवत चालली. सगळ्यांचे ओठ कोपऱ्यात केसभर वर. शेवटच्या सालाला सहाही घरांत एकच बाई उभी होती.

मी मॅडमना म्हटलं, "पुन्हा दाखवा." त्यांनी पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं नाही.

मुखवटे बदलल्याची तक्रार तीस वर्षांत का आली नाही, ते मला त्या खुर्चीत कळलं. बदलले असते तरी कोणाला कळणार होतं? सगळे सारखेच होते. मी दर वर्षी मागच्या वर्षीचा फोटो पाहून आखणी करत होतो. दर वर्षी केसभर फरक पडत होता, आणि पुढच्या वर्षी तो केसभर फरक फोटोत बरोबर म्हणून माझ्यासमोर उभा राहत होता. कोणतंही एक वर्ष घ्या, माझं काम तंतोतंत. तीस वर्षं एकत्र घ्या, तर मी घरोघरच्या देव्या पुसून टाकल्या.

"तुमाले कसं समजलं?" मी विचारलं.

"मला नाही समजलं," मॅडम म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंना समजलं होतं. मी राजूरकरांची सून, काका. तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही फोटो दिले नसते तर? आई किती वर्षांपासून म्हणत होत्या, आपली मोठी बदलली. कोणी ऐकलं नाही. मग त्या आरतीत मान खाली घालून बसायला लागल्या, वर बघतच नाहीत. घरात सगळे म्हणाले, आईंचं डोकं आता चालत नाही, विसरायला लागल्या. डॉक्टरही झाले. गेली काही वर्षं तर त्या बोलायच्याच बंद झाल्या याविषयी. मला फक्त एवढंच पाहायचं होतं, की त्यांचं डोकं गेलंय की त्या खरं सांगत होत्या."

मला पोळी आठवली.

घरी येऊन शोभाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग थे सगळ्यायचं मिळून जे तोंड झालं, थे कोनाचं हाये? माह्यं तं नाही?"

"नाही वं. कोनाचंच नाही. माह्या मनगटाची सवय हाये ती."

"चाला," ती म्हणाली, "म्हणजे तिथंही मी नाही." एवढ्या दुःखात मला हसू आलं. मग रडूही आलं. ती शेजारी बसून राहिली.

आता राजूरकरांची मोठी परत आणायची होती. ते माझ्यावरचं कर्ज नव्हतं, त्याहून वाईट होतं. एका जिवंत बाईला मी फोटो दाखवून खोटं पाडलं होतं आणि त्या फोटोच्या जोरावर तिच्या घरानं तिला वेडं ठरवलं होतं.

पहिल्या सालचा फोटो होता, पण ट्रंकेत ओल शिरून तो दुसऱ्या फोटोला चिकटला होता. सोडवताना उजवी बाजू सोलून निघाली. उजवा डोळा नाहीच. मॅडमनी मशीनला बाकीचा चेहरा भरायला सांगितला. भरला. मी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. डावीकडे उस्तादांचा डोळा आणि उजवीकडे माझा. मशीननं माझेच हजारो डोळे पाहिले होते, दुसरं देणार कुठून? मॅडम म्हणाल्या, "थांबा. तुमचे सगळे फोटो काढून टाकते. फक्त उस्तादांच्या वेळचे ठेवते." आपल्या तीस वर्षांचं काम एका बटणासरशी बाजूला झालेलं पाहणं सोपं नसतं. पण मीच म्हटलं, "काढा."

या वेळी डोळा आला तो उस्तादांच्या वळणाचा. पण डाव्याची हुबेहूब आरशातली प्रत. खरा की खोटा, सांगणार कोण?

"काकू सांगतील," मी म्हटलं.

अमरावतीला त्यांच्या घरी गेलो. काकू खूप वाळल्या होत्या. मला पाहून ओळखीचं हसल्या आणि पुन्हा खाली पाहू लागल्या. मॅडमनी कम्प्युटर त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला. मी म्हटलं, "स्टूल नको. उंच ठेवा. अन् काकूले खाली पाटावर बसवा." कपाटावर ठेवला. काकू पाटावर बसल्या आणि किती वर्षांनी कोण जाणे, मान वर केली.

बराच वेळ पाहिलं त्यांनी. मग म्हणाल्या, "उजवा डोळा खाली घ्या."

मॅडमनी रेष खाली घेतली.

"अजून. अगं, एवढा नाही. वर. बस. आता त्याची बाहेरची शेपटी आखूड करा. ती उजवीकडच्या समईकडे बघते ना, तो डोळा मिटत आल्यासारखा दिसतो. हं. पापणी जाड. मी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या रात्रीच्या आरतीला मला इतकी भीती वाटत होती, कोणाकडे बघावं समजेना. तेव्हा हिनं बघितलं होतं माझ्याकडे. डाव्या डोळ्यानं माझ्याकडे, उजव्यानं समईकडे. मला वाटलं, दोन्हीकडे लक्ष आहे हिचं."

दुपारभर हे चाललं. मॅडम रेष हलवत होत्या, काकू हुकूम सोडत होत्या आणि त्यांचा मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. ज्या बाईला सकाळची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही म्हणत होते, ती केसाकेसानं डोळा सांगत होती. मुलगा हळूच म्हणाला, "पण हे खरं कशावरून, भाऊ?" वाईट मनानं नाही म्हणाला. मलाही तेच विचारायचं होतं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट मात्र आमच्या बाजूनं असते. आम्ही जुना रंग पूर्ण काढत नाही, वरवर घासून त्यावर नवा देतो. म्हणजे मुखवट्याच्या आत जुने सगळे चेहरे असतातच, एकाखाली एक. मी काकूंची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "देवीला दुखणार नाही ना?" मी म्हटलं, "मलेच दुखेल, काकू."

माझा हात कापतो, म्हणून दुसऱ्या खेपेला शोभाला अमरावतीला नेलं आणि पातं तिनं धरलं. उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी, करंगळीच्या नखाएवढी जागा. ओला बोळा फिरवायचा आणि हलकेच खरडायचं. एक थर गेला, दुसरा गेला. प्रत्येक थरात माझी रेष होती, वर चढणारी, लांब शेपटीची. शोभा खरडत होती आणि मी माझी वर्षं मोजायचं सोडून दिलं. मग रंग बदलला. उस्ताद काजळ स्वतः पाडायचे, दुकानातला काळा वापरायचे नाहीत. त्याची निळसर झाक मी डोळे मिटूनही ओळखली असती. शोभानं बोळा फिरवला. खाली उस्तादांची रेष होती. खाली उतरलेली, आखूड शेपटीची, जाड पापणीची. मॅडमनी काकूंचा डोळा कागदावर काढून आणला होता, तो शेजारी धरला. बरोब्बर त्याच जागी.

 मुलगा आत आला आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसला. म्हणाला, "आई, चुकलं माझं." त्याच्यामागं माझा नंबर होता. मी काकूंच्या पायावर डोकं ठेवलं. म्हटलं, "काकू, तुमी बरोबर होत्या. मी तुमाले खोटं पाडलं."

काकूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुम्ही फोटो दाखवला हो. मी तरी काय करणार होती?"

राहिली आखणी. मॅडमनी मशीनमधून पूर्ण चेहऱ्याचा खाका काढून दिला. रेषांवर सुईनं भोकं पाडायची, वरून कोळशाची पूड थापायची, की मुखवट्यावर ठिपके उमटतात. उस्तादांच्या वेळी हे करत, मीच सोडून दिलं होतं, मला गरज नाही म्हणून. ठिपके उमटल्यावर शोभानं ब्रश माझ्यापुढं केला.

"मी नाही," मी म्हटलं. "हात कापते म्हणून नाही. बरा असता तरी नसतो काढत. माह्या हाताले सवय हाये. तो आपल्याच वाटेनं जाईन. तू काढ."

"चाळीस वर्षं हात लावू नाही दिला डोळ्यायले," ती म्हणाली.

"तेच तं. तुह्या हाताले माही खोड नाही लागली."

तिनं पदर खोचला, हात धुतले आणि पाटावर बसली. मी पलीकडे बसून पाहत होतो. तिनं ठिपक्यावरून रेष ओढली ती एकदाही न थांबता. एवढा हात घरात होता आणि मी तिच्याकडून पांढरा रंग देऊन घेत होतो. हेही चुकलेलंच, म्हणून लिहिलं.

आता आमचं दुकान पुन्हा उघडलं आहे. आखणी शोभा करते, तिच्या हाताखाली तीन बाया शिकतात. घरोघरचे लोक जुने अल्बम काढून आणतात, आरतीच्या फोटोत माणसांच्या मागे कोपऱ्यात दिसणारी देवी मॅडमचं मशीन मोठी करून देतं, आणि मग त्या घरच्या म्हातारीला पाटावर बसवून विचारतो. म्हातारी हो म्हणाली तरच खाका. सगळ्यांनाच जुना चेहरा नको असतो. गोदाबाईनं साफ सांगितलं, "माही हासरीच राहू द्या. थे तुमी मले इचारून केलं होतं." खरंच आहे. तिची हसरी आता तिचीच. वकीलसाहेबांनी मात्र विचारलं की पूर्ववत म्हणजे नेमकं कोणत्या सालापासून. त्यांचं अजून चालू आहे.

मला मशीनचा राग यायला हवा होता, असं काही जण म्हणतात. मला नाही येत. माझ्या तोंडावर खरं बोलायला दुसरं कोणी तयार नव्हतं. एक बाई आली होती, तिला मी ओट्यावरून परत पाठवलं. मशीनला कोणाची भीडभाड नाही, आणि त्याला विचारणारी मॅडम मात्र भीडभाड असलेली. दोघांचे उपकार आहेत माझ्यावर. उस्तादांच्या काजळाचे आहेत. शोभाचे तर किती मोजू.

यंदा आवाहनाच्या संध्याकाळी राजूरकरांनी आम्हा दोघांना अमरावतीला बोलावलं. अंगणात तुळशीपाशी पाट मांडलेला, उंबऱ्यापर्यंत कुंकवाची पावलं. देवयानी मॅडमनी रुमाल काढला. काकू पुढं झाल्या. मान वर करून पाहिलं.  काकूंनी देवीच्या हनुवटीला हात लावला आणि लहान बहिणीला रागवावं तसं म्हणाल्या, "कुठं होती गं तू इतके दिवस?"

 मी खिशातून मोबाइल काढला, फोटोचा नियम कधी मोडला नव्हता मी. काकूंनी ते पाहिलं. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "काढा, काढा फोटो. पण सुधाकरभाऊ, पुढच्या वर्षी मी तक्रार घेऊन आली, तर कोणता दाखवाल मला?"

"हाच, काकू," मी म्हटलं. "दर वर्षी हाच."